बर्डीवरचे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान: आधी मोजणी, मग निदान

चार्जर लावलेला असतानाच लॅपटॉप एकाएकी बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना, की ‘मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी तयारच असते. माझा लॅपटॉप न उघडताच एका सेवा केंद्राने तसे सांगितलेही होते. नागपूरच्या सीताबर्डीवरील (म्हणजेच बर्डीवरील) या लहानशा दुकानाने मात्र मोजल्याशिवाय एक शब्दही सांगितला नाही, आणि म्हणूनच हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

घरी मी सॉकेट बदलून पाहिले होते, चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवले होते. त्यातून एवढेच लक्षात आले की भिंतीला लावलेल्या चार्जरचा दिवा नीट लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो. हे ऐकताच कारागीर म्हणाले, “भाऊ, आत शॉर्ट असेल तर चार्जर स्वतःला वाचवायला पुरवठा तोडतो. तरी आधी मोजून पाहू.”

त्यांनी चार्जरचा दाब मल्टिमीटरवर तपासला, तो लेबलवर लिहिल्याप्रमाणे 19.5 व्होल्टच्या जवळ होता. मग माझ्यासमोर लॅपटॉप उघडून सर्वप्रथम बॅटरी सोडवली, एसएसडी (सगळी माहिती साठवणारी ड्राइव्ह) काढून माझ्या हातात दिली आणि ती घरी घेऊन जाण्यास सांगितले. आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे परक्या टेबलावर राहू नयेत, याची काळजी न मागता घेणारे दुकान मला प्रथमच भेटले. शिवाय ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजमधील माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) सुरू असेल तर मदरबोर्ड बदलल्यावर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा सांकेतिक क्रमांक, विचारली जाते, हेही त्यांनीच लक्षात आणून दिले.

शॉर्ट शोधण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. बोर्डच्या मुख्य पुरवठ्याला बाहेरून अगदी कमी, एका व्होल्टच्या आसपासचा दाब दिला आणि बोर्डवर पटकन उडून जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावले. बिघडलेला भाग तापत असल्याने तेथील अल्कोहोल सर्वांत आधी उडाले आणि तांदळाच्या कणीहून लहान असा एक बिघडलेला कपॅसिटर (वीज साठवणारा सुटा भाग) सापडला. तो बदलून, चार्जिंगचे आकडे दाखवून लॅपटॉप परत मिळाला, खर्च 1,800 रुपये. नव्या मदरबोर्डसाठी सांगितलेल्या रकमेच्या तुलनेत हा खर्च नगण्यच म्हणावा लागेल.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा लॅपटॉप कुलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण ओलसर हवा आणि आत साचलेली धूळ यांचा मेळ बोर्डला घातक ठरतो, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

एक उणीव मात्र नोंदवलीच पाहिजे. पावतीवर केवळ ‘लॅपटॉप रिपेअरिंग’ एवढेच लिहिले होते. कोणता भाग बदलला याचा उल्लेख नव्हता आणि तीन महिन्यांची हमी तोंडीच होती. काम इतके चोख असताना या दोन गोष्टी लिहून देण्यास अडचण नसावी. ग्राहकांनीही त्या मागून घ्याव्यात. बर्डीवर गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते, त्यामुळे मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरून पायी जाणे सोयीचे पडते.