फोटो झकास, शेवटच्या पानाने घात केला (५ पैकी ३ स्टार)

खासगी फिंगरप्रिंट एक्स्पर्ट लावायचा विचार असेल तर हे वाचा. ऑफिस नाशिकमधलंच, सीबीएसपासून चालत जाण्यासारखं. नाव टाकत नाही, केस अजून चालू आहे.

समोरच्यांच्या वडिलांनी आमच्या आजोबांना करून दिलेलं साठेखत, खाली डाव्या हाताचा अंगठा, आणि आता मुलं म्हणतात आमच्या बापाचा नाहीच. म्हणून दुय्यम निबंधकाकडच्या त्यांच्या जुन्या अंगठ्याशी जुळवून घ्यायचा होता.

काम मन लावून केलं हे मान्य. कोर्टाच्या परवानगीने मूळ कागदाचे फोटो काढले, मोठे करून शेजारी शेजारी लावले, रेष कुठे फुटते कुठे संपते तिथे लाल आकडे टाकले, माझ्यासारख्या कांदेवाल्यालाही कळेल असं. एका बाजूला शाई फासलीय हेही लपवलं नाही.

पण शेवटच्या पानावर काय, तर अंगठा शंभर टक्के त्याच इसमाचा, जगात दुसऱ्या कोणाचा असणे अशक्य, चुकीची शक्यता शून्य! उलटतपासणीत नेमकं तिथंच धरलं. समोरच्या वकिलांनी २००४ चे माद्रिदचे बॉम्बस्फोट काढले, एफबीआयने ब्रँडन मेफिल्ड नावाच्या अमेरिकन वकिलाचा ठसा असाच शंभर टक्के जुळवला होता, माणूस दोन आठवडे आत, आणि स्पेनच्या पोलिसांनी तोच ठसा एका अल्जेरियन माणसाचा म्हणून शोधून काढला. मग विचारलं, शाई फासलेली असताना तुम्ही शून्य कुठून आणलं? आमचे एक्स्पर्टसाहेब गप्प.

नंतर वकीलताईंनी सांगितलं की अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१८ मध्येच आपल्या तज्ज्ञांना बजावलंय, शंभर टक्के म्हणायचं नाही, जगातले बाकी सगळे वगळले म्हणायचं नाही, शून्य चूक तर नाहीच. ठसा त्याचा, त्याचा नाही, किंवा ठरवता येत नाही, एवढंच. आणि आपल्या साक्ष अधिनियमातलं कलम ३९ (जुनं ४५) पण तज्ज्ञाच्या 'मता'बद्दलच बोलतं, निकाल जज देणार. मग मत म्हणूनच लिहा की राव, आठ ठिकाणी रेषा जुळतायत ते काय कमी होतं का.

तेव्हा फी द्यायच्या आधी शेवटचं पान वकिलाला दाखवा.

मी त्यांना म्हटलं, पुढे कुणाला असं लिहून देऊ नका, तर म्हणे, ''दादा, शंभर टक्के लिहिल्याशिवाय लोक पैसेच देत नाहीत.'' आता यावर काय बोलणार, मीच ते वाक्य वाचून उरलेली फी जागेवर मोजून दिली होती.