अमॅटिक एससी: बरणीवर झकास, बारीक मजकुराला अजिबात नको

बहीण बंगलोरला घरची लोणची विकते, सोसायटीच्या एक्झिबिशनसाठी लेबलं करून दे म्हणाली आणि मी बसले फॉन्ट शोधत. गिऱ्हाईक सगळं मिक्स म्हणून नावं रोमन लिपीत हवी होती, आता "लिंबाचं गोड लोणचं" रोमनमध्ये लिहायला घेतलं की शेपूट संपतच नाही आणि बरणीवर जागा जेमतेम अडीच इंच. नेहमीचा फॉन्ट घेतला तर अक्षर मुंगीएवढं करा नाहीतर दोन ओळी करा. अमॅटिक एससी नावाच्या फॉन्टमध्ये तेच नाव एका ओळीत आरामात बसलं, वर उंचच उंच, कारण अक्षरं सगळी काडीपैलवान आणि एकमेकांना चिकटून उभी, लोकलच्या दारातल्या माणसांसारखी!

व्हर्नन अ‍ॅडम्स या डिझायनरने काढलेला फॉन्ट आहे हा (ऑस्वाल्ड पण त्याचाच, तो तर सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलाय). बिचारा २०१६ मध्ये गेला. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, लायसन्स ओपन आहे त्यामुळे विकायच्या मालावर बिनधास्त वापरा. एससी म्हणजे स्मॉल कॅप्स, तुम्ही स्मॉल लेटर टाईप केलं तरी कॅपिटलच उमटतं, फक्त जरा बुटकं. रेघ मुद्दाम थोडी वाकडी ठेवलीय म्हणून हाताने लिहिल्यासारखं वाटतं, पण दोन ओ शेजारी आले की हुबेहूब जुळे दिसतात आणि सोंग उघडं पडतं.

वजनं (म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार) दोनच, रेग्युलर आणि बोल्ड. छापायचं असेल तर सरळ बोल्ड घ्या. मी पहिल्यांदा शहाणपणा करून रेग्युलर घेतला, त्यात साहित्याची यादी पण त्यातच टाकली, आणि प्रिंट हातात आल्यावर मीठ कुठलं नि मेथी कुठली कळेना. चूक माझीच, हा फॉन्ट चार शब्दांचा आहे, परिच्छेदाचा नाही. कॅफेचा मेनू, बारशाची पत्रिका, मुलांच्या वह्यांची नावं, एवढ्यात मस्त.

आता खरं दुखणं. लेबलवर वरती एक ओळ मराठीतही हवी होती, पण या फॉन्टमध्ये हिब्रू आहे, देवनागरी नाही. मराठी टाईप केलं की वर्ड आपलं गुपचूप मंगल नाहीतर निर्मला हा दुसराच फॉन्ट आणून बसवतं आणि लेबल एकदम तहसील कार्यालयातल्या नोटिशीसारखं दिसायला लागतं. जोडीला तेको हा देवनागरी फॉन्ट लावून पाहिला, अरुंद आहे पण फारच शिस्तीचा. कलम नावाचा फॉन्ट हातचा वाटतो पण पसरतो. शेवटी आईला स्केचपेन दिलं, तिने "आईचं लोणचं" कागदावर लिहिलं, ते स्कॅन करून अमॅटिकच्या वर बसवलं.

स्टॉलवर दोघांनी विचारलं म्हणे, वरचा मराठी फॉन्ट कुठून डाउनलोड केला.