एक्सएचडेटा डी-८०८: शेजारचं स्टेशन कसं आवरायचं

लघुलहरीवर (शॉर्टवेव्हवर) स्टेशनं पाच-पाच किलोहर्ट्झवर बसवलेली असतात, आणि एकेक एएम प्रक्षेपण मात्र नऊ-दहा किलोहर्ट्झ जागा अडवतं. समजा, तुमचं क्षीण स्टेशन ९८७० किलोहर्ट्झवर आहे आणि ९८७५ वर एखादं दांडगं. त्याच्या खालच्या साईडबँडचा (मूळ लहरीच्या बाजूला आवाज वाहणाऱ्या पट्ट्याचा) चरचराट तुमच्या स्टेशनवर चढणारच, शिवाय दोन कॅरिअरमधल्या (मूळ वाहक लहरींमधल्या) फरकाची बारीक शिट्टी. हातात मावणाऱ्या सेटमध्ये याचा बंदोबस्त क्वचित मिळतो. एक्सएचडेटाच्या डी-८०८ या छोट्या रेडिओत तो आहे, आणि हा रेडिओ घ्यायचा तो त्यासाठीच.

एएमला ६, ४, ३, २.५, २, १.८ आणि १ किलोहर्ट्झ असे सात फिल्टर (किती रुंद पट्टा आत घ्यायचा ते ठरवणारे) आहेत. ६ वर आवाज मोकळा येतो, पण रात्री ३१ मीटर बँड (९८७० ज्यात येतं तो पट्टा) गजबजला की त्याचा उपयोग नाही. ४ पासून सुरुवात करा, मग ३. शिट्टी बहुधा इथवर मरते. २ च्या खाली ‘स’ आणि ‘फ’ सारखेच ऐकू येऊ लागतात. १ वर तर माणूस घोंगडी पांघरून बोलतोय असं वाटतं.

फिल्टर आणखी आवळण्याआधी बाजूच्या चक्रीने एक किलोहर्ट्झ दूर सरका: ९८७० ऐवजी ९८६९. फिल्टरची खिडकीच सरकते, शेजारी बाहेर राहतो आणि आपल्या स्टेशनचे वरचे स्वर थोडे परत येतात. दोन-तीन किलोहर्ट्झ सरकलात, तर आपलाच कॅरिअर खिडकीच्या काठाशी जातो आणि बोलणं फाटतं.

खरा इलाज एसएसबी, म्हणजे एकच साईडबँड ऐकणं. त्रास वरून, म्हणजे ९८७५ कडून असेल तर एलएसबी (खालचा साईडबँड) घ्या, खालून असेल तर यूएसबी (वरचा). ज्या बाजूला शेजारी नाही ती बाजू ऐकायची. बँडविड्थ (फिल्टरची रुंदी) ४ किंवा ३ ठेवा. आता बारीक चक्री हळूहळू फिरवा. कॅरिअरची शिट्टी खाली उतरत जाते, घुमते आणि शेवटी विरते, तिथेच थांबा. चक्रीची पायरी १० हर्ट्झची असल्यामुळे काही हर्ट्झची चूक उरतेच. बातम्यांना ती जाणवत नाही. गाण्यात, विशेषतः तंबोऱ्याच्या सुरात, लगेच डगमग ऐकू येते. इथेच या सेटची खरी उणीव आहे: त्यात सिंक डिटेक्टर, म्हणजे कॅरिअरशी आपोआप जुळवून घेणारी सोय, नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी एएमवरच ३ चा फिल्टर आणि एक किलोहर्ट्झची सरक यावर भागवावं.

अँटेनाबाबत बहुतेकांची चूक होते. स्टेशन क्षीण म्हणून दहा-पंधरा मीटर तार जोडली की दांडगी स्टेशनं रेडिओचं पुढचं सर्किटच भरून टाकतात, आणि ती जिथे नाहीत तिथेही ऐकू येतात. असला गोंधळ फिल्टरने जात नाही. तार काढा, अँटेनाच्या दांडीचे दोन-तीन भाग आत ढकला. सगळंच हळू झालं तरी हवं ते स्टेशन स्वच्छ होतं. ट्यूनिंग वर-खाली केल्यावरही खरखर तशीच राहिली, तर दोष शेजारच्या स्टेशनचा नाही. मग घरातला एलईडी दिवा किंवा मोबाईलचा चार्जर एकेक बंद करून पाहा.

मध्यम लहरींचं तंत्र निराळं. आपल्याकडे तिथलं अंतर ९ किलोहर्ट्झ, म्हणून आधी सेटिंग ९ वर आहे ना ते बघा. आत या लहरींची अँटेना म्हणून फेराईटची (चुंबकीय पदार्थाची) दांडी असते, तेव्हा आडवा रेडिओच सावकाश फिरवा. एका कोनात नकोसं स्टेशन खोल बुडतं. त्या कोनात हवं असलेलं तगून राहिलं, तर फिल्टर ४ वरही चालतो.