नवजात बाळांचा डॉक्टर की नर्स?

"मला इवल्याशा बाळांनाच बरं करायचंय. डॉक्टर होऊ की नर्स?" भाचीने विचारलं.

शिक्षणात मोठा फरक. नर्सिंगची पदवी साधारण चार वर्षांची. डॉक्टरला आधी वैद्यकीय पदवी, मग बालरोग, मग नवजात शिशूंचं खास प्रशिक्षण. दहा वर्षं सहज जातात. खर्चही त्याच मानाने.

सहवास मात्र नर्सलाच जास्त. 28 आठवड्यांत जन्मलेलं, जेमतेम किलोभराचं बाळ. त्याला नळीतून थेंबथेंब दूध देणं, श्वास थांबला की तळवा हलकेच चोळणं, हे बहुधा तिच्याच हातून होतं. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून सर्फॅक्टंट हे औषध कधी द्यायचं, व्हेंटिलेटर कधी काढायचा, हे डॉक्टर ठरवतो. रात्रपाळी दोघांनाही.

निर्णयाचं ओझं पेलवणार असेल तर डॉक्टर हो. बाळाच्या उशाशी राहायचं असेल, लवकर कमवायचं असेल तर नर्स.