कॉइल प्लेटचे 1,850 घेतले, कव्हर उघडलंच नाही

इंदूरात जुनी गाडी चालवणाऱ्यांनो, हे वाचा आणि मगच गॅरेजात पाय ठेवा.

बाबांची 1999 ची स्प्लेंडर. किकवर झकास सुरू व्हायची, पण हॉर्न घोगरा आणि इंडिकेटर मेलेले. बॅटरी चार्ज होत नव्हती, एवढंच. नवलख्याकडच्या एका गॅरेजात नेली. तो म्हणाला, "भिया, पूरी प्लेट जल गई, साथ में आरआर भी ले गई." प्लेट म्हणजे मॅग्नेट कव्हरच्या आत बसलेली, वीज तयार करणारी कॉइल प्लेट; आरआर म्हणजे ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर. संध्याकाळी हिशेब हातात: बॅटरी 950, कॉइल प्लेट 1,850, आरआर युनिट 850, मजुरी 500. एकूण 4,150. पर्ची कच्ची. पक्कं बिल हवं तर म्हणे 18 टक्के जीएसटी वेगळा.

तुमची जळलेली प्लेट म्हणून त्याने जी दाखवली, ती कोरडी ठणठणीत होती, खाचांमध्ये बोटभर धूळ आणि कोळ्याचं जाळं. नुकत्याच काढलेल्या प्लेटवर जाळं कुठून येणार? त्याहून वाईट म्हणजे गाडीच्या मॅग्नेट कव्हरच्या स्क्रूंवर गेल्या पावसाळ्यातला चिखल तसाच वाळलेला. कव्हर न उघडता प्लेट बदलते का? हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं हो! पण घरून फोनवर फोन, त्याच्याकडे गर्दी, आणि रामबागेतल्या काकांनी "आपला माणूस आहे" म्हणून पाठवलेलं. अशा वेळी कोण स्क्रू न्याहाळत बसतं?

आणि या जुन्या मॉडेलात स्पार्कची कॉइल त्याच प्लेटवर असते. पूर्ण प्लेट जळाली असती तर गाडी सुरूच झाली नसती. हे मला नंतर दुसऱ्या मिस्त्रीने सांगितलं. नवी बॅटरी भरून लावली की काही दिवस हॉर्न खणखणीत वाजतो, गिऱ्हाईक खूश. मग पुन्हा तेच रडगाणं. दुसऱ्या मिस्त्रीने आरआरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उघडला. अर्थिंगची हिरवी वायर गंजून पार काळी. नवा कपलर लावला, 80 रुपये. प्लेट जुनीच, आरआरही जुनंच. बदलली होती फक्त बॅटरी.

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर सोबत न्या. 300-400 रुपयांत मिळतो. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास, रेस दिल्यावर साधारण 13.5 ते 14.5 दिसलं पाहिजे. आकडा हललाच नाही तर आधी कपलर आणि अर्थिंग बघायला लावा, प्लेट नंतर.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत गेलो तर तो म्हणतो, "वो तो आपने कहीं और खुलवाई होगी." चौकीत साहेबांनी पर्ची उलटीपालटी केली, "इतने से के लिए एफआयआर?" आणि चहा मागवला, स्वतःपुरता. एका सरकारी खिडकीवर म्हणाले, पक्कं बिल आणा. अहो, तो पक्कं बिल देत नाही हीच तर तक्रार आहे! दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, ऑनलाइन करा. ऑनलाइनवाला म्हणतो, ओटीपी येईल. कधी, ते त्यालाच ठाऊक. फसवणारा गल्ल्यावर बसून पैसे मोजतो आणि आम्ही झेरॉक्स काढत फिरतो!

पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या, निदान नोंद राहते. काढलेला पार्ट घरी आणा. काम तुमच्यासमोर होत नसेल तर गाडी ढकलत परत न्या, लाजू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. हेल्पलाइन 1915.

त्या धुळकट प्लेटचा फोटो मोबाइलमध्ये आहे. कच्च्या पर्चीसोबत तोच जोडून तक्रार टाकतोय.