करोनाकाळातील डायलिसिस विभाग: रुग्णाच्या घरून पाहिलेला

आमच्या आबांचे डायलिसिस (मूत्रपिंडे निकामी झाल्याने यंत्राने रक्त शुद्ध करून अंगातले जादा पाणी काढणे) २०१८ पासून जळगावातील एका खासगी रुग्णालयात आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास चालते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली, एसटी बंद पडली आणि चोपड्याहून तापी ओलांडून जळगाव गाठायचे कसे, हा पेच उभा राहिला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, डायलिसिस नाही. विभागाने पहिले शहाणपणाचे काम केले ते म्हणजे रुग्णाचे वार आणि वेळ लिहिलेले शिक्क्याचे पत्र दिले. नाकाबंदीवर ते दाखवले की गाडी सोडत.

पाळीच्या आदल्या संध्याकाळी टेक्निशियनचा फोन येई: ताप आहे का, खोकला आहे का, घरात कोणी आजारी आहे का? लक्षणे असलेल्या रुग्णाला शेवटच्या पाळीत, वेगळ्या खोलीतील मशिनवर घेत, म्हणजे खोली निर्जंतुक करायला रात्र मोकळी मिळे. एसी बंद ठेवून खिडक्या उघडल्या होत्या. मे महिन्यातले जळगावचे ऊन, पाणीसुद्धा मोजून प्यावे लागणारे रुग्ण, आणि पीपीई किटमध्ये निथळत, वाफ धरलेल्या चष्म्यातून आबांचा फिस्तुला (डायलिसिसच्या सुईसाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) बोटांनी चाचपून सुई लावणारा तो मुलगा! दुसऱ्यांदा टोचावे लागले, असे त्या उन्हाळ्यात एकदाच घडले.

तक्रार आहे ती जूनमधली. आबांना धाप लागली. दोन पाळ्यांमध्ये अंगात पाणी साठून वजन साडेतीन किलोंनी वाढले होते, पावलांवर सूज होती, तरीही धाप म्हणजे करोना असे धरून स्वॅबचा अहवाल येईपर्यंत दीड दिवस त्यांना मशिनवर घेतलेच नाही. फुप्फुसात साठलेले पाणी आणि करोनाचा न्यूमोनिया एक्स-रेवर चटकन वेगळे ओळखता येत नाहीत, हे मान्य. पण मग ती वेगळी खोली कशासाठी राखली होती? अहवाल निगेटिव्ह आला, डायलिसिस झाले आणि धाप त्याच रात्री ओसरली. दर पाळीच्या बिलात किटचे पैसे वेगळे लागत, त्याचाही खुलासा कोणी केला नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मात्र क्रम बदलला होता: संशयिताला आधी वेगळ्या मशिनवर घ्यायचे, अहवालाची वाट नंतर पाहायची. आता खिडक्या बंद झाल्या आहेत, एसी सुरू आहे आणि आदल्या संध्याकाळचा फोनही येत नाही. तो फोन बंद करायला नको होता.