सेव्हियातली टुकटुक: भाडं गाडीचं की माणशी?

दिवाळीच्या सुट्टीत स्पेनला जायचं ठरवणाऱ्यांनी, आणि त्यातही सोबत वयस्कर आईवडील असतील त्यांनी, हे जरूर वाचा. आमचे पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

२०२४च्या नोव्हेंबरात आम्ही चौघं दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिया (इंग्रजीत सेव्हिल) शहरात होतो. मी, नवरा, मुलगी आणि आई. आई एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. तिथल्या कॅथेड्रलच्या जिराल्डा मनोऱ्यात जिन्याऐवजी ३५ चढणी आहेत. पूर्वी हा मशिदीचा मनोरा होता. बांग देणारा घोड्यावरून वर जायचा, म्हणून त्या तशा बांधल्या असं सांगतात. आई त्यातल्या चार-पाच चढली आणि भिंतीला टेकली. आम्ही खाली उतरलो. आता हिला शहर बसूनच दाखवायचं, असं तेव्हाच ठरलं.

कॅथेड्रलबाहेर घोडागाड्यांची रांग होती. आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं की त्यांचे दर पालिका ठरवते आणि ते अख्ख्या गाडीचे असतात, माणशी नव्हे. आईला मात्र घोड्याची दया आली, ती बसेना. तेवढ्यात एक जण पुढे आला. थोडं पलीकडे त्याची टुकटुक उभी होती. आपल्याकडच्या एपेसारखी तीनचाकी, बाजूंनी उघडी, वर पांढरं छत. आईला एकदम घरचं काही दिसल्यासारखं वाटलं. "ही आपली रिक्षाच की गं," म्हणाली.

मी भाडं विचारलं, ठरवूनच बसलो, हे मुद्दाम सांगते. त्याने प्लास्टिक चढवलेलं कार्ड पुढे धरलं: एक तास, ४०. खालच्या ओळीवर त्याचा अंगठा होता. मी इंग्रजीत विचारलं, "चाळीस युरो, एक तास?" तो "येस, येस" म्हणाला. गावाकडे वडापच्या रिक्षात बसताना आपण 'सीटवर की स्पेशल' हे हमखास विचारतो. तिथे मी ते विचारलं नाही. घोडागाडीचा दर गाडीचा असतो हे वाचलेलं डोक्यात होतं, त्यामुळे हाही गाडीचाच असं मी धरून चालले. सगळं घोडं इथेच अडलं.

तोंडी ठरलेला रस्ता असा: नदीकाठचा तोर्रे देल ओरो हा जुना बुरूज, प्लासा दे एस्पान्या हा मोठा चौक, मारिया लुईसा बाग, मग पूल ओलांडून नदीपलीकडची त्रियाना वस्ती आणि शेवटी मकारेना ही जुनी वस्ती. तोर्रे देल ओरोपाशी त्याने वेग कमी केला, गाडी थांबवली नाही. प्लासा दे एस्पान्याच्या फाटकाबाहेर थांबला आणि म्हणाला, आत जायला परदेशी पर्यटकांना माणशी पाच युरो तिकीट आहे, ते मी काढतो, शेवटी एकत्र द्या. मला ते खरं वाटलं, कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या महापौरांनी पर्यटकांना तिकीट लावायचा विचार जाहीर केला होता आणि ती बातमी मी वाचली होती. त्याने चार छापील चिठ्ठ्याही हातात दिल्या.

१९२९च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने उभारलेली ही अर्धवर्तुळाकार इमारत. तिच्या पायथ्याशी ओळीने रंगीत फरशांची बाकं आहेत, एकेका प्रांताचं एकेक, त्यावर तिथल्या इतिहासातला प्रसंग रंगवलेला. आई भूगोलाची शिक्षिका होती. पहिल्याच बाकापुढचा नकाशा ती निरखून बघायला लागली. दहा मिनिटांत गाडीवाला फाटकाशी येऊन घड्याळ दाखवायला लागला. आई मुकाट्याने उठली. ते उठणं मला अजून आठवतं.

त्रियानाचा पूल आज बंद आहे, असं त्याने सांगितलं. मकारेनाचं नावच काढलं नाही. अडतिसाव्या मिनिटाला आम्ही परत कॅथेड्रलपाशी होतो, आणि तेव्हा अंगठा बाजूला झाला. खाली बारीक अक्षरांत 'पोर पेर्सोना', म्हणजे माणशी. चौघांचे १६०, तिकिटांचे २०, एकूण १८० युरो.

नवऱ्याने वाद घातला. त्याचा आवाज चढला, माणसं बघायला लागली. आई "देऊन टाक रे बाबा" म्हणाली. मी कार्ड दिलं, पिन टाकला. त्याआधी मशीनवर युरो की रुपये असा पर्याय येऊन गेला होता, आणि रुपयांचं बटण त्याने स्वतःच दाबलं होतं. पावतीवर आकडा १७,६४०. म्हणजे युरोला ९८ रुपये, जेव्हा बाजारात तो एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या आसपास होता. शिवाय परदेशात रुपयांत व्यवहार झाला म्हणून आमच्या बँकेने वेगळा आकार लावला तो निराळाच. परदेशात कार्ड वापराल तेव्हा मशीन आपल्या हातात घ्या आणि तिथल्या चलनाचंच बटण दाबा. रुपये दिसले की ओळखीचे वाटतात, पण तो दर मशीनवाल्यांनी लावलेला असतो.

रात्री आईने पर्समधून पन्नास-पन्नासच्या दोन नोटा काढून उशीखाली ठेवल्या. माझ्या गुडघ्यांपायी झालं म्हणाली. तिला समजावता समजावता मला रडू आलं.

हॉटेलातल्या स्वागतिकेने जे सांगितलं ते मला आधी माहीत हवं होतं. आंदालुसियात, म्हणजे सेव्हिया आहे त्या प्रदेशात, प्रत्येक धंदेवाल्याकडे तक्रारीचे सरकारी अर्ज असायलाच हवेत. त्यांना 'ओहास दे रेक्लामासिओनेस' म्हणतात. गिऱ्हाइकाने मागितले की फुकट द्यावे लागतात, नाकारले तर स्थानिक पोलिसांना बोलवायचं. ती म्हणाली, नुसता शब्द उच्चारला तरी पुष्कळदा भाव खाली येतो. आम्ही अर्ज मागितला नव्हता. गाडीचा नंबर टिपला नव्हता, त्याच्या दराच्या कार्डाचा फोटो काढला नव्हता. पावतीवरचं नाव गाडीवर रंगवलेल्या नावाशी जुळत नव्हतं. तरी परत आल्यावर बँकेकडे तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला आहे, रक्कम परत मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मीटरची टॅक्सी करून आईला पुन्हा प्लासा दे एस्पान्याला नेलं. वाटेत चालकाला त्रियानाच्या पुलाचं विचारलं, तो बंद नव्हताच. फाटकाशी मी कालच्या चिठ्ठ्या रखवालदाराला दाखवल्या. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या, मान हलवली आणि हातानेच आत जा म्हणून खुणावलं. तिकीट कोणालाच नव्हतं. आई त्या बाकांवर एकेक प्रांत वाचत पावणेदोन तास बसली.